सगळं बंद, तरी दर सात सेकंदांनी एक लुकलुक

काकूंचा फोन आला तो नव्या फ्रिजसाठी. "दादा, आमचा फ्रिज आता बदलायचा म्हणतोय. कुठला घ्यावा, जरा सांगाल का?"

घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि त्यांचा हा फ्रिज मी पूर्वी दोनदा हाताळलेला होता. अकरा वर्षांचा, एका दाराचा, पाठीला काळी जाळी असलेला साधा फ्रिज. कॉम्प्रेसर दणकट. म्हणून विचारलं, बिघडलाय का? तर तसं नव्हतं, वीजबिल वाढलं होतं. गेल्या वर्षी याच महिन्यात तीस दिवसांचे २४० युनिट आले होते, यंदा ३१८. घरातली माणसं तीच पाच: काका, काकू, मुलगा, वहिनी आणि आठवीतला नातू. नवं यंत्र एकही आलेलं नाही, एसी तर नाहीच. फ्रिज मात्र रात्रंदिवस घरघरत होता, त्यामुळे सगळ्यांचा संशय त्याच्यावर गेला. काकू म्हणाल्या, "कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की." त्यांचं हे वाक्य पुढे किती खरं ठरणार आहे, याची तेव्हा त्यांना आणि मला कल्पना नव्हती.

मी एकच विनंती केली: एक आठवडा थांबा. काही विकू नका, काही विकत आणू नका. रोज रात्री दहा वाजता मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहा, बाकी नेहमीसारखं वागा.

एरवी घराघरांत सुटं सुटं दिसणारं जवळजवळ सगळं या एका घरात एकत्र सापडलं. शिवाय आधीचे आणि नंतरचे आकडेही हाताशी राहिले. म्हणून हे प्रकरण लिहून काढतोय. नावगाव देत नाही.

आठवड्याने गेलो तेव्हा सात दिवसांचे ७४ युनिट झाले होते. म्हणजे दिवसाला साधारण साडेदहा. आधी मी प्रत्येकाला विचारलं, जास्त वीज कोण खातं? काका म्हणाले इस्त्री. मुलगा म्हणाला फ्रिज. वहिनींचं बोट नातवाच्या कॉम्प्युटरकडे, आणि नातवाचं पंख्यांकडे. गीझरचं नाव कुणीच घेतलं नाही, कारण "तो काय, सकाळी तासभरच."

काकांचं उत्तर मला नेहमी ऐकायला मिळतं आणि त्यामागे कारणही आहे. इस्त्री तापते, दिवा लागतो, हजार वॅटचा आकडा तिच्यावरच छापलेला असतो. पण मीटर वॅट मोजत नाही; तो वॅट आणि वेळ यांचा गुणाकार मोजतो. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण तासभर चालणं. ती हजार वॅटची इस्त्री दहा मिनिटं चालली, तर एका युनिटचा सहावा भाग जातो. उलट पंचेचाळीस वॅटचं काहीतरी चोवीस तास चालू राहिलं, तर एक युनिटाहून जास्त जातं, आणि तेही रोज, कुणाच्या लक्षात न येता. मोठे वॅट डोळ्यांना दिसतात. तास दिसत नाहीत. या घरात जे सापडलं ते बहुतेक सगळं तासांत लपलेलं होतं.

मीटरसमोरची रात्र

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. बरेच लोक तो मीटर चालू असल्याची खूण समजतात, पण तो दिवा हिशेब सांगत असतो. मीटरच्या पुढच्या पट्टीवर, एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, ते छापलेलं असतं. या घरच्या मीटरवर ३२०० होतं. तुमच्याकडे १६०० असेल किंवा आणखी वेगळा आकडा असेल. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक जूल ऊर्जा, त्यामुळे एका युनिटमध्ये ३६,००,००० जूल असतात. त्याला ३२०० ने भागलं की एका लुकलुकीमागे ११२५ जूल येतात. म्हणजे दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्यांनी भागायचं. त्या क्षणी घर किती वॅट ओढतंय ते कळतं. मीटरला हात लावायचा नाही, काही उघडायचं नाही. फक्त बघायचं आणि मोजायचं.

मोजणीचं काम नातवाने घेतलं. रात्री साडेदहाला घरातले सगळे दिवे आणि पंखे बंद केले. टीव्ही रिमोटने बंद, कॉम्प्युटर बंद. अंधारात चार माणसं आणि मी, आणि मीटरसमोर स्टुलावर बसलेला नातू, मोबाईलमधलं घड्याळ लावून. चूक होऊ नये म्हणून सलग दहा अंतरं मोजायला सांगितली होती. सत्तर सेकंद भरले. एका अंतराला सात.

११२५ भागिले ७, म्हणजे १६० वॅट. सगळं बंद असलेल्या घरात दोन पंख्यांएवढी वीज वाहत होती. त्यात फ्रिज धरलेला आहे हे खरं. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर चालतो, थांबतो, पुन्हा चालतो. तो थांबला की हे अंतर लांबायला हवं. आम्ही पाऊण तास बसलो आणि सात सेकंदांचे आठ काही होईनात. फ्रिज एकदाही थांबला नाही.

सव्वाअकराच्या सुमारास नातू एकदम ओरडला, "मीटर बिघडलं!" दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता, सेकंदाला दोनदा. त्या गतीचा अर्थ दोन हजार वॅटच्या पुढे. घरात कुणी बोटही हलवलेलं नव्हतं. मी त्याला न्हाणीघरात पाठवलं. गीझरचा तांबडा दिवा लागलेला होता. सहा मिनिटं तो तसाच राहिला, मग आपोआप विझला आणि मीटर पुन्हा सात सेकंदांवर आलं.

वहिनी गप्प झाल्या. मग त्यांनी सांगितलं की वर्षभरापूर्वी दोघांच्या कामाच्या वेळा बदलल्या. कुणी सहाला आंघोळ करतं, कुणी साडेनऊला. प्रत्येक वेळी चालू-बंद करण्यापेक्षा बटण चालूच राहू लागलं. आणि चालूच राहिलेलं बटण हळूहळू कुणाच्या डोळ्यांपुढे राहत नाही. यात त्यांची चूक नव्हती. घराची लय बदलली, पण बटणाची जुनी लय बदलायचं कुणाला सुचलं नाही.

यानंतर गीझरचं बटण बंद केलं आणि फ्रिजची पिन काढली. अंतर झालं पंचवीस सेकंद. फ्रिज नाही, गीझर नाही, तरी ४५ वॅट. आता एकेक स्विच खाली करत गेलो. सेट-टॉप बॉक्सचा स्विच बंद केला, अंतर छत्तीसवर गेलं. म्हणजे नुसता रिमोटने बंद केलेला तो बॉक्स १४ वॅट ओढत होता. काकांचा जुना म्युझिक सेट बंद केला, छप्पन्न. कॉम्प्युटरचे स्पीकर, प्रिंटर आणि स्क्रीन यांचा बोर्ड बंद केला, एकशे दोन. टीव्ही आणि मायक्रोवेव्हच्या घड्याळाचे मिळून तीन वॅट निघाले. शेवटी फक्त राउटर उरला: एकशे चाळीस सेकंद, आठ वॅट. तोवर रात्रीचा एक वाजला होता आणि कुणालाही झोप आलेली नव्हती.

एक वॅट वर्षभर चालू राहिला तर पावणेनऊ युनिट होतात. हा हिशेब मी त्या रात्री नातवाकडूनच करवून घेतला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्येच सुचवलं होतं की बंद अवस्थेतल्या उपकरणाने एका वॅटपेक्षा जास्त घेऊ नये, आणि युरोपीय संघाने २०१० पासून तशी मर्यादा घालून २०१३ मध्ये ती बहुतेक उपकरणांसाठी अर्ध्या वॅटवर आणली. त्यामुळे अलीकडचे टीव्ही या बाबतीत सुधारले आहेत. काकांचा म्युझिक सेट मात्र त्याच्या आधीचा. त्यात आत एक जाडजूड ट्रान्सफॉर्मर असतो. पुढचं बटण दाबलं तरी त्या ट्रान्सफॉर्मरकडे येणारी वीज तुटत नाही. त्या सेटवर हात ठेवला तर कोमट लागायचा. कुठल्याही बंद उपकरणाला हात लावून बघा. ते कोमट असेल तर त्यातून वीज जातेय, याला दुसऱ्या मोजमापाची गरज नाही. मोबाईलच्या रिकाम्या चार्जरबद्दल मात्र उगाच फार बोललं जातं. आजकालचा चांगला चार्जर रिकामा असताना वॅटचा लहानसा अंश घेतो. त्याच्यामागे धावून जो वेळ जातो, तो गीझरकडे द्यावा.

फ्रिज

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज बघितला. आदल्या रात्री पिन परत लावताना मी मधल्या कप्प्यात पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर ठेवला होता. हवेचं तापमान दार उघडलं की उडी मारतं, पाण्याचं मारत नाही, म्हणून पेला. आकडा ७ अंश सेल्सिअस होता. हवं असतं ४ च्या आसपास. आणि आतलं बटण? सर्वांत थंड खुणेवर, शेवटच्या टोकाला. म्हणजे जवळजवळ अखंड चालूनही फ्रिज पुरेसा गार करत नव्हता.

फ्रिज गारवा तयार करतो, असं आपण सहज म्हणतो. खरं तर तो आतली उष्णता उचलतो आणि पाठीमागच्या काळ्या जाळीतून खोलीत सोडतो. हमालासारखं काम आहे त्याचं. आत उष्णता शिरायला वाट मिळाली तर हमालाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, आणि बाहेर ओझं उतरवायला जागा नसेल तर प्रत्येक फेरी अवघड होते. या फ्रिजला दोन्ही त्रास होते.

कागदाची एक पट्टी दारात धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. वरच्या बाजूने नीट अडकली, मधे अडकली. खाली बिजागरीच्या कोपऱ्याशी मात्र सुळकन बाहेर आली. गुडघ्यावर बसून बोट फिरवलं तर रबर तिथे खोबणीतून निसटलेलं, दुमडलेलं, आणि त्या फटीपाशी बोटाला गारवा लागत होता. वीतभर फट, जाडी नखाएवढी. वरून उभ्याने पाहिलं तर दार चोख बसलेलं वाटायचं.

इथून पुढची साखळी मी अनेक घरांत पाहिली आहे. फटीतून खोलीतली दमट हवा आत जाते. तिच्यातली वाफ फ्रीझरच्या पत्र्यावर बर्फ होऊन बसते. या घरी तो थर दोन बोटं जाड झाला होता. बर्फ दिसायला गार, पण पत्रा आणि आतली हवा यांच्यामध्ये तो गोधडीसारखा बसतो. गारवा पुढे पोचत नाही. मग खालच्या कप्प्यातल्या वस्तू नीट गार होत नाहीत. घरातलं कुणीतरी बटण पुढे सरकवतं. पुन्हा गार होत नाही, पुन्हा पुढे. शेवटच्या खुणेवर थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान बघून यंत्र चालू-बंद करणाऱ्या भागाला, कॉम्प्रेसर थांबवायचं कारण क्वचितच उरतं. तो चालत राहतो, आणि आपण म्हणतो फ्रिज म्हातारा झाला.

बर्फाबद्दल एक कळकळीची सूचना. तो सुरीने, चमच्याने, उलथन्याने खरवडू नका. पत्र्याच्या आत नळ्या असतात आणि त्यांना बारीक छिद्र पडलं की गॅस निघून जातो. माझ्याकडे आलेले कितीतरी चांगले फ्रिज याच एका घावाने गेलेले आहेत. पिन काढायची, दार उघडं ठेवायचं, खाली जाड कापड अंथरायचं आणि बर्फाला त्याच्या वेळेने वितळू द्यायचं. घाई असेल तर आत गरम पाण्याचं भांडं ठेवावं, बस. आम्ही चार तास दिले.

तोवर फ्रिज पुढे ओढला. मागची जाळी दिसेना, इतकी राखाडी लव तिच्यावर बसली होती. शिवाय फ्रिज भिंतीला अगदी टेकलेला, आणि जाळी-भिंतीच्या फटीत एक घडी घातलेलं पुठ्ठ्याचं खोकं सरकवलेलं. मऊ ब्रशने जाळी वरून खाली झाडली. आडव्या हाताने जोर लावला तर बारीक तारा वाकतात. खोकं काढलं. परत लावताना भिंतीपासून हातभर नाही, पण चार बोटं जागा ठेवली. तेवढी पुरते, गरम हवा वर निघून जाते.

रबर काढून नवीन बसवायचं का, असं मुलाने विचारलं. आधी आहे ते जगवून पाहू, म्हटलं. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापडाने रबर पुसलं. खोबणीतली काळपट चिकट घाण निघाली. मग केस वाळवायच्या ड्रायरने तो कोपरा हलका गरम केला, अंगठ्याने रबर खोबणीत दाबून बसवलं आणि दार लावून तसंच गार होऊ दिलं. पुढच्या पायांपैकी एक सैल होऊन फ्रिज किंचित पुढे झुकला होता, तोही फिरवून वर घेतला. फ्रिज केसभर मागे कललेला हवा, म्हणजे दार सोडलं की आपण होऊन मिटतं. पुन्हा कागदाची पट्टी लावली. सगळीकडे अडकली.

बटण शेवटच्या खुणेवरून मधल्या खुणेवर आणलं. दुसऱ्या दिवशी पेल्यातलं पाणी ४ अंशांवर होतं, आणि कॉम्प्रेसर थांबत होता. आधी ११५ वॅटचा हा कॉम्प्रेसर दिवसाचे जवळजवळ वीस तास चालत होता, म्हणजे २.३ युनिट. आता नातवाच्या नोंदीप्रमाणे अकरा-साडेअकरा तास, म्हणजे १.३. एक युनिट रोज वाचलं आणि आतला गारवा वाढला. त्या दिवशी काकूंनी फ्रिजच्या दारावर हात फिरवला तो मी पाहिला.

थेंब

गीझरचं एक कोडं उरलं होतं. नातवाने पुढच्या रात्रीही पहारा दिला आणि सांगितलं की पाणी कुणी वापरत नसताना गीझर दर दोन तासांनी सहा मिनिटं चालू होतो. हे मला पटेना. टाकी नुसत्या उष्णता-गळतीने निवते हे खरं, पण पंचवीस लिटरची, भोवती जाड आवरण असलेली टाकी इतक्या लवकर निवत नाही. दर चार-साडेचार तासांनी लागला असता तर मी मान डोलावली असती. आधी मला थर्मोस्टॅटचा संशय आला. तो तपासला, ७५ अंशांवर लावलेला होता, पण ठीक होता. माझा अंदाज चुकला.

उत्तर काकूंच्या वाक्यात होतं. मागच्या बाजूला एक लहान बेसिन आहे, फारसं कुणी वापरत नाही. त्याच्या गरम पाण्याच्या नळातून थेंब गळत होता. टपटप आवाज नाही, कारण थेंब नळाच्या तोंडावरून बेसिनच्या कडेला लागून घरंगळत जायचा. हात लावला तर पाणी गारच, म्हणून ते गरम पाण्याच्या नळाचं आहे हेही कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. थेंबाथेंबाने येणारं पाणी नळीतच निवून जातं. पण टाकीतून निघताना ते पूर्ण तापलेलं असतं आणि त्याच्या जागी तेवढंच गार पाणी टाकीत शिरतं.

आम्ही नळाखाली औषधाचा मापाचा पेला धरला. दहा मिनिटांत दीडशे मिलिलिटर. दिवसाला साडेएकवीस लिटर. नळाचं पाणी त्या दिवसांत २४ अंश होतं आणि गीझर ते ७५ पर्यंत नेत होता. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१८६ किलोजूल लागतात. गुणाकार केला की दिवसाला १.२८ युनिट येतात. एक वीतभर फटीचं रबर, आणि एक झिजलेला वॉशर! पाच माणसांच्या आंघोळीला मिळून पावणेदोन-दोन युनिट लागत होते आणि एक थेंब एकट्याने सव्वा युनिट नेत होता.

नळाचा वॉशर बदलायला दहा मिनिटं लागली.

मग तापमान. ७५ चं ६० केलं. त्याच्या खाली नेऊ नका, असं मी सर्वांना सांगतो. कोमट साठलेल्या पाण्यात, २० ते ४५ अंशांच्या दरम्यान, लिजिओनेला नावाचे जीवाणू वाढू शकतात आणि त्यांच्यामुळे फुप्फुसांचा गंभीर आजार होतो. साठवणीचं पाणी साठ अंशांपर्यंत तापलेलं असावं, आणि आंघोळीला त्यात गार पाणी मिसळावं. हेही सांगायला हवं की काही गीझरची तापमानाची खूण बाहेर असते, काहींची झाकणाखाली. झाकणाखाली असेल तर मेन स्विच बंद करून, जाणकार हातांनीच. क्षार साठले की वीज जास्त लागते, असं सर्रास सांगितलं जातं. तापणाऱ्या कॉइलची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, त्यामुळे बिलात फार फरक पडत नाही; कॉइल मात्र आतून जास्त तापून लवकर जळते. म्हणून सफाई करावी, पण ती गीझरच्या आयुष्यासाठी.

वेळेचा प्रश्न राहिला. साडेनऊला आंघोळ करणाऱ्या काका-काकूंसाठी बटण चालू ठेवावंच लागेल, असं सगळ्यांना वाटत होतं. चांगल्या आवरणाची टाकी बंद केल्यावर तासाला जेमतेम एक अंश उतरते. पहिल्या तिघांच्या आंघोळी आटोपून टाकी पुन्हा तापली की साडेसातला बटण बंद करायचं. साडेनऊला पाणी ५८ अंशांच्या आसपास असतं. आणि काका-काकूंना मिळून साठ अंशांचं अठरा लिटर पाणी पुरतं, कारण गार पाणी मिसळल्यावर ते दुपटीहून जास्त होतं. पहिल्या दिवशी काका कुरकुरत न्हाणीघरात गेले. बाहेर येऊन म्हणाले, "नेहमीसारखंच होतं की पाणी."

उरलेलं थोडक्यात. धुलाई यंत्र आठवड्यातून चारदा ६० अंशांवर चालायचं. त्यात कपडे घुसळायला लागणारी वीज थोडी, पाणी तापवायला लागणारी तिच्या तिप्पट. रोजचे कपडे गार पाण्यावर आणले. आजाऱ्याचे कपडे आणि पांघरुणं गरम पाण्यातच, ते बदलू नये. पंख्यांबद्दल या घरात सांगण्यासारखं काही नव्हतं. खोलीतून उठताना पंखा बंद करायची सवय सगळ्यांना होती आणि ती योग्यच, कारण पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम सुकवून माणसाला गार करतो. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी आधी गाळणी धुवावी आणि दाराखालची फट बघावी, मग अंश दोन अंश वर न्यावं, क्रम हाच.

पुढचे तीस दिवस

कागदावरचा हिशेब असा होता. फ्रिजमध्ये रोज एक युनिट, गीझरमध्ये थेंब आणि वेळ मिळून १.९, बंद उपकरणांत ०.७, धुलाईत ०.३. एकूण ३.९. म्हणजे १०.६ वरून ६.७ वर यायला हवं.

तीस दिवसांनी मीटर २१३ युनिट पुढे गेलं होतं. दिवसाला ७.१. हिशेबापेक्षा थोडं जास्त, आणि ते का, तेही कॅलेंडरवरच्या नोंदींमुळे कळलं. चार दिवस गीझरचं बटण रात्रीपर्यंत चालू राहून गेलं. त्या चार दिवसांच्या आकड्यांभोवती वहिनींनी स्वतःच पेन्सिलीने गोल केला होता. सेट-टॉप बॉक्स मुळापासून बंद केला तर चालू व्हायला इतका वेळ घेतो की काकूंची मालिका दोनदा सुरुवातीपासून हुकली. त्यांच्या दुपारच्या विरंगुळ्यावर मला पाय द्यायचा नव्हता. म्हणून तो दिवसा चालू आणि रात्री झोपताना बंद, असं ठरलं. जी सवय घरातल्या एखाद्या माणसाला रोज टोचते ती टिकत नाही, आणि ती टिकावी असा आग्रहही धरू नये.

काकांचा म्युझिक सेट चालूच राहिला. तो मुळापासून बंद केला की त्याचं घड्याळ आणि जुळवून ठेवलेली रेडिओची केंद्रं पुसली जातात. ती त्यांनी फार वर्षांपूर्वी एकेक करून लावलेली. अकरा वॅटसाठी मी त्यांना एकदाही टोकलं नाही.

नवा फ्रिज घ्यायचा का, हा मूळ प्रश्न. मी मुलाला दोन आकडे दिले. हा फ्रिज आता रोज १.३ युनिट घेतो. आज मिळणारा याच मापाचा चांगला फ्रिज याहून कमी घेईल, यात शंका नाही. पण जुना आणि नवा यांतला उरलेला फरक आता अर्ध्या युनिटाच्या आसपास आहे. बिल वाढलं तेव्हा ज्या कारणासाठी तो बदलायचा होता, ते कारण त्या फ्रिजचं नव्हतंच. कॉम्प्रेसर कधी बसला तर बदला, आणि तेव्हा घेताना त्याचा वर्षाचा युनिटचा आकडा बघून घ्या. मुलाने वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी फ्रिजकडे. तो तिथेच आहे. काकूंनी दाराच्या खालच्या कोपऱ्यावर महिन्यातून एकदा कागदाची पट्टी लावून बघायचं काम आपल्याकडे घेतलंय.

नातू अजून मोजतो. रात्री फ्रिज थांबलेला असताना दोन लुकलुकींमधलं अंतर मोजून मला निरोप पाठवतो. बरेच दिवस एकच आकडा येत होता: एकोणसाठ सेकंद. राउटरचे आठ वॅट आणि आजोबांच्या सेटचे अकरा. मी नुसतं "छान" म्हणून उत्तर द्यायचो.

गेल्या आठवड्यात आकडा आला एकशे चाळीस. मला वाटलं मोजण्यात चूक झाली, म्हणून फोन केला. नातू म्हणाला, "नाही काका, तीनदा मोजलं. आजोबांनी सगळी केंद्रं वहीत लिहून घेतली आणि झोपताना स्वतः उठून स्विच बंद केला."